स्वेटर घेताना आधी गळा बघा

आडवीवीण

पुरुषांच्या कपड्यांचा विषय निघाला की गाडी बूट, घड्याळ आणि जीन्सच्या फिटिंगवर जाते. स्वेटरची पाळी आली की प्रश्न दोनच: रंग कुठला आणि ऊब किती. गळ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. समोरचा माणूस मात्र नेमकं तेच बघतो. बोलताना त्याची नजर आपल्या चेहऱ्यावर असते आणि चेहऱ्याखालची पहिली रेघ गळ्याची असते. बाकीचा स्वेटर निम्मा वेळ टेबलाखाली नाहीतर जाकिटाच्या आत.

माझं म्हणणं असं की गळा ठरला की पुढचं बरंच काही आपोआप ठरतं. आत शर्ट की टीशर्ट, वर जाकीट जाईल की नाही, कॉलर दिसेल की दडेल, हे सगळं तो गळा सांगतो. म्हणून दुकानात रंगाच्या आधी गळा बघावा.

गोल गळ्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यांकडे तो असतो आणि बहुतेकांचा चुकीचा असतो. चांगला गोल गळा मानेच्या मुळाशी बसतो. हासळीची हाडं झाकतो, आतल्या टीशर्टची कड दिसू देत नाही आणि तरी घशाला टेकत नाही. इथे एक बारकावा आहे: आपली मान खांद्यावर सरळ उभी नसते, ती थोडी पुढे झुकलेली असते. त्यामुळे गळा पुढून खोल आणि मागून उंच हवा. पुढून-मागून सारखाच कापलेला गळा घशाला दाबतो, मग माणूस दिवसभर तो पुढे ओढत राहतो आणि महिन्याभरात त्याची पट्टी सैल पडते. दोष ओढणाऱ्याचा नसतो.

गोल गळ्यात शर्ट घालायचा तर कॉलरची टोकं आतच राहिली पाहिजेत. ज्या कॉलरची टोकं बटणांनी शर्टाला अडकवलेली असतात ती यासाठी सर्वात सोयीची, कारण ती हलत नाही. फाकलेल्या आखूड कॉलरची टोकं थोड्या वेळाने बाहेर डोकावतात, आणि एकच टोक बाहेर आलं की सगळी टापटीप गेली.

व्ही गळा सध्या बदनाम आहे. हायनेकला सगळे घाबरतात. या दोन्हींवर मंडळींचं मत ऐकायचंय. क्वार्टर झिपबद्दल (गळ्यापासून छातीपर्यंतच झिप असलेला स्वेटर) माझं मत फार चांगलं नाही, तेव्हा ते शेवटी.

गळेपडू

एका भोकावर एवढा मोठा चर्चेचा धागा! डोकं आत जातं, बाहेर येतं. संपलं की हो.

(सदस्यनाम बघून विषयात उडी घेतली आहे, राग नसावा.)

दोनसुया

गळेपडू, डोकं आत जातं आणि बाहेर येतं यातच तर सगळी मेख आहे. मोठ्या पुरुषाच्या डोक्याचा घेर साधारण ५७ सेंटिमीटर असतो आणि मानेचा ३९-४०. म्हणजे जे भोक मानेला नीट चिकटून बसायला हवं, त्यातूनच जवळजवळ दीडपट घेराचं डोकं रोज दोनदा जायला हवं. गोल गळ्याच्या स्वेटरची सगळी परीक्षा या एका गोष्टीत आहे.

म्हणून गळपट्टी एक सुलट एक उलट, किंवा दोन सुलट दोन उलट अशी विणतात. ही वीण आडवी ताणली जाते आणि सोडली की परत मिटते. पण वीण कितीही चांगली असली तरी धाग्यात जीव हवा. लोकरीच्या तंतूला मुळातच नागमोडी वळणं असतात, त्यामुळे ती ताणून परत येते. सुतात ते नाही. सुती स्वेटरचा गळा धुतल्यावर बरा दिसतो आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा लोंबतो, त्याचं कारण हे. सुती घ्यायचाच असेल तर पट्टी दुमडून आतून शिवलेली बघा, ती जास्त टिकते.

विणकाम करणाऱ्यांसाठी: गळ्याचे टाके बंद करताना हात सैल ठेवा. नवशिक्यांचा स्वेटर सुरेख होतो आणि डोक्यात अडकतो, तो इथे.

व्ही गळ्याला ही अडचण फारशी नाही, कारण तिथे भोक आधीच मोठं असतं. म्हणून कमी ताणल्या जाणाऱ्या धाग्यात व्ही गळा बरा.

लेखणीबंद

वाचतोय. खूणगाठ बांधून ठेवली आहे.

कडकइस्त्री

धागाकर्त्यांनी व्ही गळ्याला बदनाम म्हणून एका ओळीत वाटेला लावलं, त्याचा निषेध.

व्ही गळा बदनाम झाला तो दोन प्रकारांमुळे. एक, पातळ चकचकीत धाग्याचा, पोटापर्यंत खोल गेलेला, ऑफिसातल्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टावर ढगळ लोंबणारा. दुसरा, आत काहीच न घालता छाती दाखवणारा. या दोन्हींना हद्दपार करा, माझी हरकत नाही. पण मूळ व्ही गळा खेळाच्या मैदानातला आहे. क्रिकेटचा तो जुना पांढरट स्वेटर आठवा, वेण्यांची जाड वीण आणि गळ्याच्या कडेने संघाच्या रंगांचे पट्टे. १९३२-३३ च्या बॉडीलाइन मालिकेतले फोटो बघा. नव्वद वर्षं उलटली तरी ते स्वेटर आज घालून बाहेर पडता येईल. व्ही तिथे आला तो कॉलरचा शर्ट आत असायचा म्हणून. कॉलरला मोकळं पडायला जागा हवी होती.

१९२० च्या दशकात इंग्लंडचा युवराज, जो पुढे आठवा एडवर्ड झाला, तो गोल्फ खेळताना फेअर आइल या स्कॉटलंडच्या शेटलंड समूहातल्या बेटावरच्या रंगीत नक्षीचा व्ही गळ्याचा स्वेटर घालायचा. तेवढ्याने शेटलंडच्या विणकरणींच्या मालाला एकदम मागणी आली. म्हणजे एकेकाळी सर्वात धीट स्टाइलचा माणूस व्ही गळ्यात होता.

नियम एकच सांगतो: टाय असेल तर व्हीमध्ये गाठ आणि खाली चारपाच बोटं टाय दिसावा, आणि जाकीट असेल तर व्हीचं टोक जाकिटाच्या बटणाच्या बरंच वर असावं, म्हणजे मध्ये थोडा स्वेटर दिसतो. टोक बटणाखाली गेलं तर स्वेटर घातलाय हे कळतच नाही, नुसता माणूस जाड दिसतो. आणि टाय नसेल तर उथळ व्ही घ्या, आत कॉलरचा शर्ट, वरचं एकच बटण उघडं.

आडवीवीण

कडकइस्त्री, निषेध मान्य! उथळ व्हीबद्दल पूर्ण सहमत. त्यात एक भर: व्हीच्या टोकाशी गळपट्टीचे टाके कसे मिळालेत ते जरूर बघा. चांगल्या स्वेटरात मधला एक टाका सरळ खाली जातो आणि दोन्ही बाजूंचे टाके त्यात मिटत जातात. स्वस्तात दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून शिवलेल्या असतात. दुसऱ्या पद्धतीतही चांगले स्वेटर निघतात, पण पहिली दिसली की समजा करणाऱ्याने वेळ दिला आहे.

तसंच गोल गळ्यात पट्टी अंगाला कशी जोडली आहे ते आतून उलटून बघा. टाक्याला टाका जुळवून जोडलेली असेल (याला लिंकिंग म्हणतात) तर आतून सपाट, जवळजवळ न दिसणारी रेघ असते. कापून ओव्हरलॉक मारलेली असेल तर आत जाड शिवण लागते, आणि ती नेमकी मानेच्या मागे टोचते. दुकानात हे बघायला दहा सेकंद लागतात.

पंचविशीतला

धागा अगदी वेळेवर आला. माझी मान आखूड आहे, खांदे रुंद, चेहरा गोल. इंटरनेटवर जिथे बघावं तिथे तक्ते: गोल चेहरा तर व्ही गळा, लांब चेहरा तर गोल गळा, चौकोनी चेहरा तर अमुक. त्याप्रमाणे व्ही घेतले. पण व्ही घातला की मी माझ्या काकांसारखा दिसतो, आणि मला ते नकोय (काका, वाचत असाल तर माफी). दुसरं म्हणजे कपाटात सगळ्या तऱ्हेचं एकेक आहे आणि तरी माझी अशी स्टाइल नाही. सुरुवात कुठून करू?

आडवीवीण

पंचविशीतला, आधी ते तक्ते बंद कर. चेहऱ्याचा आकार आरशात नाक टेकवून बघताना दिसतो. लोक आपल्याला चार-पाच पावलांवरून बघतात, आणि तिथून दिसतं ते मानेची उंची, खांद्यांचा उतार आणि डोकं किती पुढे झुकलंय ते. फोनवर लांबून दोन फोटो काढ, एक समोरून आणि एक बाजूने. बाजूचा महत्त्वाचा. मान आखूड असलेल्याला उंच, दोन घड्यांचा जाड हायनेक त्रास देईल, कारण हनुवटी आणि खांदा यांच्यामधली सगळी जागा तो खाऊन टाकतो. पण म्हणून व्हीच घातला पाहिजे असं मुळीच नाही. जरा रुंद आणि बारीक पट्टीचा गोल गळा, किंवा बारीक विणीचा, घडी नसलेला मॉक नेक (हायनेकपेक्षा बुटका उभा गळा) बघ. मानेची उंची गळ्याच्या आकारापेक्षा पट्टीच्या जाडीने जास्त बदलते. हे तक्त्यात नसतं, कारण तक्ता काढणाऱ्याला जाडी दाखवता येत नाही.

स्टाइलचं म्हणशील तर तुझ्या प्रश्नातच गोम आहे. सगळ्या तऱ्हेचं एकेक. स्टाइल दिसते ती पुनरावृत्तीने. एखादा माणूस डोळ्यांसमोर आणला की त्याचा एकच आकार आठवतो. फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फुको आठवला की पांढरा हायनेक आणि टक्कल, नाटककार सॅम्युअल बेकेट आठवला की तो सुरकुतलेला चेहरा आणि खाली उंच गळ्याची जाड लोकर. त्यांनी कपाटात एकेक नमुना जमवला असता तर काहीच आठवलं नसतं. तेव्हा एक गळा निवड, त्याचेच दोन-तीन घे, आणि बदल करायचा तो रंगात, विणीत, जाडीत कर.

निवडायचा कसा? दिवसभर हात कुठे जातो ते बघ. ज्या गळ्यात बोट घालून ओढावंसं वाटतं, जो सारखा सरळ करावा लागतो, तो तुझा नाही, आरशात कितीही छान दिसो. जो घातल्याचं दुपारपर्यंत विसरायला होतं, तो ठेव.

गळेपडू

पुनरावृत्ती म्हणजे स्टाइल असेल तर शाळेचा गणवेश घालणारा प्रत्येक पोरगा स्टाइलिश झाला.

आणि एक माणूस, एक गळा हे प्रकरण फार लोकांच्या अंगाशी आलंय. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने जपानी फॅशन डिझायनर इस्से मियाकेकडून काळे हायनेक ढिगाने करून घेतले, ठीक. मग त्याची नक्कल करणाऱ्यांची रांग लागली. त्यातल्या रक्ततपासणीची कंपनी काढणाऱ्या एलिझाबेथ होम्स बाईंना २०२२ मध्ये गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल ज्यूरीने दोषी ठरवलं. गळा उचलता येतो, डोकं नाही.

आडवीवीण

गणवेश दुसरा कोणीतरी ठरवतो, हा फरक आहे. नकलेबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. म्हणूनच मी हात कुठे जातो ते बघ म्हणतो, कोणाचा फोटो बघ म्हणत नाही.

कडकइस्त्री

इथे मी धागाकर्त्यांच्या विरुद्ध. पंचविशीत एकच गळा कशाला? घालू दे की सगळं. तीन वर्षांनी शरीर बदलेल, काम बदलेल. मी ज्या वयात टायवर व्ही घालायला लागलो त्याआधी मला त्यात गुदमरायला व्हायचं. विसरायला होणारा कपडा निवडायचा म्हणजे ज्याची सवय आहे तोच निवडायचा. टाय कधीच विसरायला होत नाही, तरी मी तो रोज बांधतो, आणि त्याने माझी पाठ ताठ राहते. काही कपडे जाणवण्यासाठीच असतात.

आडवीवीण

हा मुद्दा चांगला आहे. जाणवणारा कपडा आणि त्रास देणारा कपडा वेगळे, एवढं म्हणून तूर्तास थांबतो. बाकी पंचविशीतल्याने ठरवावं.

निष्केश

हायनेकला सगळे घाबरतात असं वर लिहिलंय म्हणून लिहितो. मी घाबरत नाही, पण सांभाळतो. डोक्यावर केस नसलेल्या आमच्यासारख्यांवर गडद काळा हायनेक घातला की माणूस काडेपेटीतल्या काडीसारखा दिसतो: खाली सगळं काळं आणि वर एक गोळा. (फुकोचा पांढरा होता, हे ध्यानात घ्या.) त्यावर उपाय रंगाचा आहे. करडा, उंटाच्या रंगाचा, राखाडी निळा असा मधला रंग घेतला की चेहरा आणि कपडा यांच्यात एवढी कडक रेघ पडत नाही. चष्मा जाड काड्यांचा असेल तर तोही मदत करतो.

दाढीवाल्यांनी जपून. खुरटी दाढी लोकरीत अडकते आणि हनुवटीखालच्या घडीवर गोळे येतात. पूर्ण वाढलेली दाढी असेल तर हायनेक दिसतच नाही, मग कशाला?

जाकिटाखाली घालायचा हायनेक अगदी बारीक विणीचा हवा. जाड वीण जाकिटाची कॉलर मागून उचलून धरते आणि मानेमागे पोकळी पडते. जाड हायनेक एकटाच घालावा. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश पाणबुड्यांवरच्या खलाशांचे फोटो बघा, त्यांत असे जाड पांढरट हायनेक दिसतील.

पंचविशीतला

हायनेक आवडतो पण टोचतो. अर्ध्या तासात मानेला लाल चट्टे. लोकरीची ॲलर्जी असेल का?

दोनसुया

बहुतेक वेळा ती ॲलर्जी नसते, तंतूची जाडी असते. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूची टोकं वाकत नाहीत, ती कातडीत खुपतात. मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक लोकर २० मायक्रॉनच्या खाली असते, त्याची टोकं वाकतात, म्हणून खुपत नाहीत. तुलनेसाठी, माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन. हात फिरवून मऊ लागली म्हणून फसू नका, तळहाताची कातडी जाड असते. दुकानात स्वेटर मानेच्या बाजूला, कानाखाली धरून मिनिटभर ठेवा. तिथे नाही टोचला तर कुठेच टोचणार नाही. मेरिनोनेही चट्टे उठले तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

शेटलंडसारखी खरखरीत लोकर गोल गळ्यात, आत कॉलरचा शर्ट घालून छान चालते, कारण मानेला लोकर लागतच नाही. म्हणून गळा आणि लोकर वेगवेगळे निवडू नयेत.

अवांतर: ब्रिटिश कोळ्यांचा, गर्न्सी बेटाच्या नावाने ओळखला जाणारा गर्न्सी स्वेटर कधी मिळाला तर हातात घेऊन बघा. तो पुढून-मागून अगदी सारखा असतो, उलटसुलट कसाही घालता येतो, म्हणजे कोपरं एकाच जागी झिजत नाहीत. धागाकर्त्यांनी वर सांगितलेला पुढच्या खोलीचा नियम तिथे मोडलाय. मग तो घशाला दाबत नाही कसा? गळ्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्यावर, छोटी तिकोनी ठिगळं विणलेली असतात. त्यांनी गळा बाजूला उघडतो आणि मानेवर नीट बसतो. हे ज्या बाईने पहिल्यांदा केलं तिला माझा दंडवत.

लेखणीबंद

एकच प्रश्न. फ्रेंच खलाशांचा तो आडव्या पट्ट्यांचा, रुंद गळ्याचा प्रकार पुरुषांनी घालावा का?

कडकइस्त्री

पुरुषांसाठीच होता की तो! १८५८ मध्ये फ्रेंच नौदलाने गणवेशात घेतला, २१ पांढरे पट्टे. गळा रुंद असल्याने खांदे आणखी रुंद दिसतात. उतरत्या खांद्यांवर छान, पंचविशीतल्याने टाळावा. आत काही घालायचं नाही, टीशर्टची कड दिसली की मजा गेली.

पंचविशीतला

फोटो काढून बघितले. बाजूच्या फोटोत खरंच मान दिसते त्याहून पुढे आहे. गोल गळा, बारीक पट्टी, त्यात हात अजिबात गेला नाही. मॉक नेकमध्ये जातो, पण कडकइस्त्री म्हणतात तसं ते जाणवणं आवडतंय. दोन्ही ठेवतो. व्ही मोठ्या भावाला देऊन टाकले.

आडवीवीण, क्वार्टर झिपचं राहिलं. आणि शॉल कॉलरचं कार्डिगन (पुढून उघडणारं, मानेमागून छातीपर्यंत रुंद घडीची कॉलर असलेलं) घ्यावं का?

आडवीवीण

शॉल कॉलर जरूर घे, पण त्याला स्वेटर समजू नकोस. ते जाकीटच आहे, त्यावर दुसरं जाकीट चढत नाही. कॉलरची घडी मानेमागे उभी राहते का ते बघ. लोळत असेल तर वीण सैल आहे. तुझी मान बघता कॉलर फार जाड नको.

क्वार्टर झिप: उकडलं की उघडता येते, एवढं तिचं पुण्य. बसलं की झिप छातीवर फुगून वर येते, कारण लोकर वाकते आणि झिप वाकत नाही. उभ्याने करायचं काम असेल तर घाला.

गळेपडू

मी धागा उघडला तेव्हा टिंगल करायला आलो होतो. आत्ता कपाटातले सगळे स्वेटर उलटे करून शिवणी बघतोय. घरचे विचारतायत काय हरवलंय.

एका आवडत्या स्वेटरचा गळा पार सैल झालाय. दोनसुया ताई, काही होईल का?

दोनसुया

आधी वाळत कसा घालता ते सांगा. दोरीवर किंवा हँगरवर ओला टांगला असेल तर पाण्याच्या वजनाने गळा आणि खांदे खाली ओढले जातात. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा, आडवा पसरून वाळवा आणि ओला असताना गळपट्टी बोटांनी मिटवून ठेवा. लोकर असेल तर इस्त्री न टेकवता नुसती वाफ दिली तरी बऱ्यापैकी परत येते.

त्याने नाही झालं तर पट्टी उसवून, टाके उचलून, एक नंबर बारीक सुईवर पुन्हा विणता येते. मात्र आधी आत बघा. टाक्याला टाका जोडलेला असेल तर धागा एका टोकाने सुटतो. कापून ओव्हरलॉक मारलेला असेल तर उचलायला टाकेच उरलेले नसतात, तो नाद सोडा. फोटो टाका आतल्या शिवणीचा, मग सांगते.